चित्राखालची ओळ कोण लिहिते? जावापासून अजिंठ्यापर्यंत

१४ एप्रिलची जयंती झाली की दोन आठवड्यांनी, २८ एप्रिलला, आपल्या मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो. १८१९ साली याच दिवशी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठा लेण्यांचा शोध लावला, असे त्यात लिहिलेले असते आणि सोबत लेणे क्रमांक १ मधील पद्मपाणीचे चित्र असते. आपल्यातले अनेक जण तो मजकूर अभिमानाने पुढे पाठवतात. अभिमान बुद्धांचा असतो, पण श्रेय मात्र स्मिथच्या खात्यावर जमा होते.

'शोध लावला' हे दोन शब्द तपासून पाहायला हवेत. एखाद्या चित्राचा किंवा शिल्पाचा अर्थ लोकांच्या मनात बसतो तो बऱ्याचदा त्याच्याखाली लिहिलेल्या ओळीमुळे. ती ओळ कोणी, कधी आणि कोणत्या अधिकाराने लिहिली, हे सहसा कोणी विचारत नाही. आशियातल्या ज्या देशांवर युरोपीय सत्तांनी राज्य केले, तिथल्या कलेबद्दलच्या बहुतेक ओळी आधी राज्यकर्त्यांनी लिहिल्या. त्यालाच वासाहतिक कलेतिहास म्हणतात. हा विषय फक्त चित्रकारांचा किंवा प्राध्यापकांचा नाही. आपण ज्या वारशावर हक्क सांगतो, तो वारसा आज आपल्याला कोणाच्या शब्दांत सांगितला जातो, याच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

एक प्रसंग, दोन चित्रे

सुरुवात इंडोनेशियातून करू, कारण तिथे ही गोष्ट अगदी स्पष्ट दिसते. जावा बेटावर डच राजवटीविरुद्ध राजपुत्र दिपोनेगोरो यांनी १८२५ ते १८३० अशी पाच वर्षे लढाई केली. २८ मार्च १८३० रोजी मागेलांग या गावी डच सेनापती डी कॉक याने त्यांना वाटाघाटीसाठी बोलावले आणि तिथेच पकडले. (बोरोबुदूरचा महान बौद्ध स्तूप याच मागेलांग परिसरात आहे.)

या प्रसंगावर डच चित्रकार निकोलास पिनेमान याने चित्र काढले. त्यात दिपोनेगोरो खालच्या पायरीवर नमल्यासारखे उभे आहेत, सेनापती त्यांना हद्दपारीच्या गाडीकडे हात दाखवतो आहे आणि वर डच झेंडा फडकतो आहे. चित्राचे नाव आहे 'दिपोनेगोरो यांची शरणागती'.

१८५७ साली राडेन सालेह या जावानीज चित्रकाराने तोच प्रसंग पुन्हा रंगवला. सालेह युरोपात वीसहून अधिक वर्षे राहून, तिथलीच तैलचित्रकला शिकून आले होते. त्यांच्या चित्रात दिपोनेगोरो ताठ मानेने, रागाने सेनापतीकडे पाहत उभे आहेत. झेंडा गायब आहे. डच अधिकाऱ्यांची डोकी शरीराच्या मानाने मोठी काढली आहेत. हे मुद्दाम केले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. आणि चित्राचे नाव आहे 'दिपोनेगोरो यांची अटक'. सालेह यांनी हे चित्र डच राजाला भेट दिले. ते १९७८ साली इंडोनेशियात परत आले.

प्रसंग एक, रंग तेच, तंत्र युरोपचेच. पण 'शरणागती' या शब्दाच्या जागी 'अटक' आला आणि गुन्हेगार बदलला.

पुढे विसाव्या शतकात डचांच्या घरांसाठी जावाची गोड निसर्गचित्रे मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. डोंगर, भातखाचरे, माड, संध्याकाळचे आकाश. या प्रकाराला 'मूई इंडी', म्हणजे 'सुंदर इंडीज', असे नाव पडले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस चित्रकार सुजोयोनो यांनी या चित्रांवर सडकून टीका केली. राबणारा माणूस, त्याची गरिबी आणि त्याचा राग या चित्रांत कुठेच नाही, हा त्यांचा मुद्दा होता. आजही हे काम चालू आहे. बांडुंगचे तरुण चित्रकार झिको अल्बायकुनी आपल्या मोठ्या, झगझगीत कॅनव्हासवर मूई इंडीचे रंग आणि जुन्या चित्रांचे संदर्भ मुद्दाम घेतात आणि आपल्याला आपला देश कोणाच्या नजरेने पाहायला शिकवले गेले, हा प्रश्न पाहणाऱ्यासमोर ठेवतात.

बेळगावात जन्मलेले साहेब आणि जावाचे बुद्ध

जावाची ही गोष्ट आपल्यापासून वाटते तितकी दूर नाही. जॉर्ज बर्डवुड हे ब्रिटिश राजवटीतले भारतीय कलेचे मोठे जाणकार समजले जात. त्यांचा जन्म १८३२ साली बेळगावचा आणि नोकरीची बरीच वर्षे मुंबईत गेली. भारतीय कारागिरीचे त्यांनी खूप कौतुक केले. विणकर, सोनार, कुंभार यांचे हात कुशल आहेत हे त्यांना मान्य होते. पण चित्र आणि शिल्प या अर्थाने उच्च कला भारतात नाही, असे त्यांचे मत होते. जानेवारी १९१० मध्ये लंडनच्या एका सभेत जावाच्या ध्यानस्थ बुद्धमूर्तीचे छायाचित्र समोर होते. बर्डवुड यांनी त्या मूर्तीची तुलना चरबी घालून उकडलेल्या पुडिंगशी केली.

या शेऱ्यावर इंग्लंडमध्येच गदारोळ झाला. काही कलावंत आणि लेखकांनी निषेधाचे पत्र प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी भारतीय कलेच्या अभ्यासासाठी इंडिया सोसायटी स्थापन झाली. पण मूळ मोजपट्टी लक्षात घ्या. हात कुशल, डोके नाही. काम करणारे तुम्ही, विचार करणारे आम्ही. ही विभागणी आपल्या समाजाला नवी नाही. वर्णव्यवस्थेने ती बर्डवुड यांच्या कितीतरी शतके आधी केली होती.

अजिंठ्याचे काय झाले

आता अजिंठ्याकडे वळू. लेण्यांजवळच्या एका गावाचे नावच लेणापूर आहे. डोंगरात राहणाऱ्या, गुरे चारणाऱ्या लोकांना लेणी माहीत होती. १८१९ मध्ये घडले ते इतकेच की लेणी ब्रिटिशांच्या नोंदीत आली. मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ शिकारीसाठी आला, लेणे क्रमांक १० मध्ये शिरला आणि एका खांबावरच्या रंगवलेल्या आकृतीवर आपले नाव व तारीख कोरून गेला. हे लेणे म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले चैत्यगृह, अजिंठ्यातल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी एक. त्याच लेण्यात दान देणाऱ्यांची नावेही आहेत. दर्शनी भाग कटहादी नावाच्या दात्याने दिल्याचा लेख आहे आणि नंतरच्या काळातील भिक्खूंचे रंगात लिहिलेले दानलेख आहेत. दात्यांनी काही दिले आणि मग नाव लिहिले. स्मिथने काहीही न देता लिहिले. आज गाइड आधी कोणते नाव दाखवतात, हे लेण्यात गेलात की पाहा.

१८४३ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी लेण्यांवर निबंध वाचला आणि चित्रांच्या नकला करून घ्याव्यात अशी मागणी पुढे आली. १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांची नेमणूक झाली. त्यांनी सुमारे वीस वर्षे खपून मोठमोठ्या तैलचित्रांत नकला केल्या. त्यातल्या बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला डिसेंबर १८६६ मध्ये लागलेल्या आगीत जळाल्या. आज गिल यांचे नाव आपल्याकडे घेतले जाते ते मुख्यतः पारो या स्थानिक स्त्रीमुळे. तिच्यावर कविता झाली, सिनेमा झाला. तिची कबर अजिंठा गावात आहे. कबरीवरची ओळही गिल यांचीच आहे. पारोने स्वतःबद्दल काय सांगितले असते, ते सांगणारी एकही ओळ आपल्यापर्यंत आलेली नाही.

१८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हंगामामागून हंगाम अजिंठ्यात राहिले. सुमारे ३०० चित्रे तयार झाली. ती लंडनला पाठवली गेली आणि १८८५ मध्ये तिथल्या साऊथ केन्सिंग्टन संग्रहालयाच्या आगीत त्यातली ८० हून अधिक नष्ट झाली. उरलेली आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. काम करणाऱ्यांत पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत असे भारतीय विद्यार्थी होते. पण १८९६-९७ मध्ये जे दोन भव्य खंड निघाले, ते जगाने ग्रिफिथ्स यांच्या नावाने ओळखले.

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चित्रांचे रंग उठून दिसावेत म्हणून नकला करणाऱ्यांनी मूळ भिंतींवर व्हार्निश लावले आणि ते पुढे चित्रांना बाधले. निजामाच्या राज्यात पुरातत्त्व विभाग सुरू झाल्यावर १९२०-२२ मध्ये इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटणारे पोपडे पक्के केले, पण त्यांनी वापरलेला लाखेचा थरही काळाने पिवळा पडला. तरीही भिंतीवरून पुसल्या गेलेल्या काही भागांची आज एकमेव नोंद ग्रिफिथ्स यांच्या चमूच्या नकलांतच सापडते. म्हणून त्यांचे काम फेकून देण्यासारखे नाही. फक्त त्यांनी चित्रांना दिलेली नावे डोळे झाकून स्वीकारायची गरज नाही.

'मरणासन्न राजकन्या' कोण होती?

याचे सर्वांत चांगले उदाहरण लेणे क्रमांक १६ मध्ये आहे. पलंगावर एक स्त्री कोसळली आहे, सख्या तिला सावरत आहेत. ग्रिफिथ्स यांनी हे चित्र 'मरणासन्न राजकन्या' म्हणून गाजवले. भावना दाखवण्यात हा चित्रकार फ्लोरेन्स आणि व्हेनिसच्या चित्रकारांनाही मागे टाकतो, अशी स्तुती त्यांनी केली. स्तुती मनापासूनची होती. पण मोजपट्टी इटलीची होती आणि चित्रातली गोष्ट मात्र त्यांना कळलेली नव्हती.

पुढच्या अभ्यासकांनी बौद्ध ग्रंथांशी पडताळून दाखवले की ती मरत नाही. ती नंदाची पत्नी आहे, जिला संस्कृत काव्यात सुंदरी आणि पाली परंपरेत जनपदकल्याणी म्हटले आहे. नंद म्हणजे महापजापती गोतमीचा मुलगा, सिद्धार्थांचा सावत्र भाऊ. नंदाने प्रव्रज्या घेतली आहे आणि त्याचा मुकुट घेऊन माणूस घरी आला आहे. मुकुट परत आला, नवरा येणार नाही, हे कळताच ती कोसळते.

आता पुन्हा चित्र पाहा. एका सुंदर स्त्रीच्या मृत्यूचे चित्र संपले आणि एक अवघड प्रश्न समोर आला. कोणी एक जण संघात जातो, तेव्हा घरी राहिलेल्यांचे काय होते? अजिंठ्याच्या चित्रकाराने विहाराच्या भिंतीवर, भिक्खूंच्या डोळ्यांसमोर हा प्रश्न ठेवला. 'मरणासन्न राजकन्या' या नावाखाली तो शंभर वर्षांहून अधिक काळ झाकला गेला, आणि अजूनही कितीतरी पुस्तकांत तेच नाव छापले जाते.

लेणे क्रमांक १ मधल्या छतावर आणि भिंतीवर परदेशी पोशाखातली माणसे दिसली, तेव्हा फर्ग्युसन यांनी एका दृश्याला इराणच्या बादशहाचा वकील चालुक्य राजाच्या दरबारात आल्याचा प्रसंग ठरवले. हा अर्थही पुढे टिकला नाही. राज्यकर्त्यांच्या नजरेला राजे, वकील, राजकन्या दिसत होत्या. धम्म दिसत नव्हता.

मग राष्ट्रवादी पिढी आली. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हलदार हे बंगालचे तरुण चित्रकार अजिंठ्यात नकला करायला आले. या नकलांचा ग्रंथ १९१५ मध्ये त्याच इंडिया सोसायटीने प्रसिद्ध केला. या पिढीने अजिंठ्याला युरोपच्या मोजपट्टीतून सोडवले आणि भारताचा अभिमान बनवले. पण 'भारताची आध्यात्मिक कला' या मोठ्या शब्दात बौद्ध विहार पुन्हा मागे राहिला.

१९३४, १९५६ आणि नवा वाचक

या सगळ्या काळात आपले लोक कुठे होते? १९३४ मध्ये बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबाद किल्ल्याजवळच्या हौदावर त्यांनी धुळीने भरलेले हातपाय धुतले, तर पाणी बाटवले म्हणून त्यांच्यावर लोक धावून आले. शेवटी, किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, हत्यारी पहारेकरी सोबत देऊन त्यांना आत सोडले गेले. गोऱ्या अधिकाऱ्याने बुद्धांच्या लेण्यात नाव कोरले तर तो संशोधक. बाबासाहेबांनी वाटेतल्या पाण्याला हात लावला तर तो गुन्हा.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर परिस्थिती मुळातून बदलली. अजिंठ्याच्या चित्रांना शतकानुशतके नसलेला वाचक पुन्हा मिळाला. नंदाची गोष्ट, जातककथा, महापरिनिर्वाण या गोष्टी ज्याच्या स्वतःच्या घरातल्या आहेत, असा वाचक. आज बुद्धपौर्णिमेला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्या शहराच्या बुद्ध लेणीवर लोटणारी गर्दी पर्यटकांची नसते.

आणि दगडाखालची ओळ कशी बदलायची, हेही आपल्याला जावाकडून शिकायची गरज नाही. कोरेगावचा स्तंभ कंपनी सरकारने स्वतःच्या विजयासाठी उभारला. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले आणि त्यांनी त्यावरची महार सैनिकांची नावे वाचली. दगड तोच राहिला, अर्थ आपला झाला.

सवी सावरकर यांची माणसे

चित्रकलेत हे काम करणाऱ्यांत सवी सावरकर यांचे नाव प्रत्येक बौद्ध तरुणाला माहीत असायला हवे. १९६१ साली नागपुरात जन्म, बडोद्याच्या कलाशाखेत शिक्षण, दिल्लीच्या कला महाविद्यालयात अध्यापन. त्यांच्या चित्रांत आणि मुद्राचित्रांत पेशवाईतला अस्पृश्य येतो, गळ्यात मडके आणि मागे झाडू बांधलेला. देवदासी येते. मेलेले जनावर वाहणारा माणूस येतो.

ब्रिटिश काळातही अशा माणसांची चित्रे काढली गेली. जे. जे. स्कूलमध्ये शिकवणारे लॉकवुड किपलिंग यांनी कारागिरांची सुरेख रेखाटने केली. सरकारने १८६८ ते १८७५ मध्ये 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे छायाचित्रांचे आठ खंड काढले. त्यात माणसे जातीचा किंवा जमातीचा नमुना म्हणून उभी आहेत. नाव बहुधा नसते, जात असते. अन्याय कोणी केला, हे तर नसतेच.

सावरकर हाच विषय हातात घेतात आणि नमुना मोडतात. त्यांची रेषा जाड, काळी, खरखरीत आहे. त्यांचा माणूस देखणा दिसावा म्हणून उभा नाही. तो पाहणाऱ्याकडे रोखून पाहतो. मडके ही 'प्रथा' म्हणून शोभेला येत नाही, ती गळ्यात कोणीतरी बांधली आहे हे कळते, आणि बांधणाऱ्यांचे नाव चित्राच्या नावातच येते, कारण त्यात 'पेशवा' हा शब्द आहे. राडेन सालेह यांनी 'शरणागती' खोडून 'अटक' लिहिले, तेच काम नागपूरच्या या चित्रकाराने आपल्या पद्धतीने केले.

आपण काय करू शकतो

पहिले काम सोपे आहे. येत्या २८ एप्रिलला 'शोध लावला' असे लिहू नका. लेणी ब्रिटिशांच्या नोंदीत आली, असे लिहा. जमले तर स्मिथऐवजी एखाद्या दात्याचे नाव टाका. लेणे क्रमांक १२ मध्ये घनामदड या व्यापाऱ्याचे नाव आहे, लेणे क्रमांक २६ मध्ये भिक्खू बुद्धभद्राचे, लेणे क्रमांक १६ मध्ये वाकाटक मंत्री वराहदेवाचे. ही लेणी उभी राहिली ती अशा लोकांच्या दानातून आणि ज्यांची नावे उरली नाहीत अशा पाथरवट-चित्रकारांच्या हातांतून.

दुसरे काम, लेण्यांवर सहल नेताना आधी गोष्टी वाचा. नंद, सिबी, छद्दंत, वेस्संतर या कथा मंडळातल्या मुलांना माहीत असतील, तर गाइडने 'मरणासन्न राजकन्या' म्हटल्यावर एखादी मुलगी नक्की हात वर करेल.

तिसरे काम चित्रकार मुलामुलींचे आहे. आपल्या वस्त्यांत जयंतीला भिंती रंगवणारे हात भरपूर आहेत. पद्मपाणीची हुबेहूब नक्कल करणे हा चांगला सराव आहे, पण तिथेच थांबू नका. दौलताबादच्या हौदावरचे बाबासाहेब अजून किती भिंतींवर आले आहेत?

आणि एक पथ्य. दुसऱ्यांच्या ओळी पुराव्याने खोडायच्या, तर आपली ओळही पुराव्यानेच लिहायला हवी. नंदाच्या पत्नीची ओळख पटली ती घोषणेने नाही. कोणीतरी भिंतीसमोर उभे राहून ग्रंथ उघडला, मुकुट घेऊन आलेला माणूस नीट पाहिला, आणि मग नाव बदलले. ऐकीव मजकूर पुढे पाठवून आपण स्मिथचेच काम करत राहू. लेण्यात जाऊन, वाचून, पाहून लिहिलेली एक खरी ओळ त्यापेक्षा जास्त टिकेल.

जय भीम, नमो बुद्धाय.